एक झोका म्हणजे किती

मी हार्प्सिकॉर्डच्या तारा लावतो. मत द्यायला मला कुणी बोलावत नाही.
गेंटमध्ये, सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरची खोली,
फेब्रुवारीतला शनिवार. हीटर बंद,
कारण हीटर लावला की माझी सगळी सकाळ पाण्यात.

गोडलीव्ह, एकाहत्तर वर्षांची,
बोटं कापलेले हातमोजे घालून वाजवते.
साराबांद तिच्या हातून निघते ती
थोरल्या घरातल्या बाईनं जिना उतरावा तशी,
प्रत्येक पायरीवर कोण कोण बघतंय ते बघत.
"मेलीये ती," टीमेन म्हणतो. "प्रेतयात्रेला नाच म्हणायचं?"

टीमेनकडे पुरावा आहे.
तीनशे वर्षांपूर्वी कुणा फ्रेंच गायनमास्तरानं
दोरीला शिशाचा गोळा बांधून
एकेका नाचाची चाल मोजून ठेवली:
कुरांतला इतकी दोरी, मिन्युएटला इतकी,
साराबांदला ही एवढी.
"आकडा आहे, बाई. आकड्याशी भांडणार?"

आणि इथंच घोडं पेंड खातं.
कारण मास्तर एवढंच लिहायचं विसरला, की
एक झोका म्हणजे नुसतं जाणं,
की जाऊन परत येणं.
टीमेन म्हणतो, जाणं. गोडलीव्ह म्हणते, जाणं-येणं.
दोघांच्या चालीत बरोब्बर दुपटीचा फरक;
मधल्या फटीत एक आख्खं शतक
पाय पसरून झोपेल.

मग माझीच किल्ली घेतली, मला न विचारता.
पितळी तारेच्या तुकड्यानं
टोप्यांच्या खिळ्याला टांगली, दिला धक्का.
ती गेली. आली. गेली.
कुणाचीच बाजू घेतली नाही तिनं.

तेवढ्यात सेव्हरीन आली, तूर्नेहून,
उजव्या गुडघ्याला पट्टा बांधून.
बूट काढले. म्हणाली, वाजवा. कसंही.
टीमेनच्या चालीवर तिसऱ्याच ओळीत थांबली:
"दुसऱ्या मात्रेवर मी वर असते, टाचा उचलून.
तिथून खाली यायला तू मला जागाच ठेवत नाहीस."
गोडलीव्हनं ओठ मिटून हसू आत ढकललं
आणि बाकावर बसली.
तिच्या चालीवर सेव्हरीन वर गेली, वर राहिली, राहिली,
आणि पडली. खरोखर पडली, माझ्या हत्यारांच्या पेटीवर.
"एवढा वेळ वर राहायला मी काय पुतळा आहे?"

तिसऱ्या खेपेला कुणी काही ठरवलं नाही.
गोडलीव्ह चष्म्यावरून त्या पट्टेवाल्या गुडघ्याकडे बघत राहिली,
तो वाकेल तसा डावा हात खाली.
दुसरी मात्रा जराशी रुंद झाली,
तिसरी अंग चोरून बसली.
कागदावर सारखे दिसणारे सूर
एक पाय किंचित आखूड असलेल्या माणसासारखे चालू लागले.
खिळ्यावरची किल्ली आपल्याच नादात, कशाशीच जुळेना.
खाली ओडील चाकाचे स्पोक वाजवून बघत होता, तो थांबला.
टीमेननं आकड्यांचा कागद उलटला.
मागची बाजू कोरी होती.

वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय!
जीग निघाली. लिहिलीये दोनाची,
वाजवायची म्हणे तिनाची, की लिहिलीये तश्शी?
दोघं पुन्हा उभे. सेव्हरीन बूट चढवून
कॉफी शोधायला गेली.
जिन्यात, रस्त्यात, पार ट्रामच्या थांब्यापर्यंत
दोन, तीन, दोन ऐकू येत राहिलं.

मी किल्लीसाठी परत वर आलो.
ती सरळ लोंबत होती. जाणं नाही, येणं नाही.
कुणी नव्हतं, म्हणून
मनातल्या मनात साराबांद सुरू केली.
पहिलीला गुडघे वाकवले, दुसरीला टाचा उचलल्या.
वय त्रेसष्ट, वजन ब्याण्णव किलो.
राहिलो वर.
खालून ओडील ओरडला, "कोण आहे रे?"
उत्तर द्यायला खाली यावं लागलं असतं.
तोल जाताना हात पट्ट्यांवर टेकला
आणि वरचा ला वाजला,
माझ्या आधीच उतरलेला.